धुकं घेऊन या

माझी गाडी चार्जिंगची आहे, आभाळी रंगाची. ती चालताना आवाज करत नाही, हे मला तिच्यातलं सगळ्यात आधी आवडलं. पावसाळ्यात सकाळी साडेसहाला कुरवंड्यातून लोणावळ्याकडे निघालं की दहा हातांपलीकडचं दिसत नाही. रस्ता चाकाखाली येतो आणि मागे विरघळून जातो. नागफणीचा सुळका तर महिना महिना दिसत नाही, तो तिथेच असेल असं धरून चालायचं. अशा वेळी वाटायचं की मी गाडीवर बसलेलीच नाही. कुणीतरी मला अलगद उचललंय आणि पांढऱ्या पाण्यातून पुढे सोडलंय.

मी लहानपणापासून लाजरी. चार माणसांत माझा आवाज घशातून वर येत नाही. लोणावळ्यातल्या एका बंगल्यावर मी सकाळचा स्वयंपाक करते. मुंबईचे पाहुणे उतरतात, त्यांना पिठलं, भाकरी, ठेचा लागतो. ते स्वयंपाकघरात डोकावून "वा, काय वास सुटलाय" म्हणतात, तेव्हाही मी ओट्याकडे तोंड करून उभी असते. गाडी नव्हती तेव्हा वडापच्या जीपने जायचे. जीपमध्ये मांडीला मांडी लावून बसायचं, आणि कुणी ना कुणी विचारणारच, काय गं, आज उशीर, काय गं, तब्येत उतरली. उत्तर जुळवता जुळवता लोणावळा यायचा.

गाडीवर धुक्यात मला कुणी बघत नाही. तिथे मी मोठ्याने बोलते. कधी आईशी बोलते, ती जाऊन बरीच वर्षं झाली. कधी आज कुठली भाजी करायची ते चालीवर म्हणते. वळण आलं की गप्प होते, वळण सरलं की पुन्हा सुरू.

गाडी माझ्या नावावर घेतली. शाळेच्या दाखल्यानंतर माझं नाव छापून आलेला गाडीचा हा दुसराच कागद असेल. पाडव्याला गाडी दारात आली, तेव्हा सासूबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं, चाकांवर पाणी घातलं, नारळ फोडला आणि झेंडूची भली मोठी माळ तिच्या नाकावर बांधली. गाडीच्या पुढच्या भागाला आमच्या घरी नाकच म्हणतात.

आषाढात ती पहिल्यांदा बंद पडली. चढाला एक वळण आहे, तिथे जुनी जांभळ आहे. त्या वळणावर मीटरवरचे आकडे एकदम गेले आणि मीटर काळं झालं. आवाज नाही, धक्का नाही. मुळात आवाजच नसलेली गाडी बंद पडली की कळतसुद्धा नाही. ती मागे सरकायला लागली तेव्हा मी दोन्ही पाय टेकवले. चावी फिरवून पाहिली. काही नाही.

मला पहिला विचार आला तो हा, की आपण काहीतरी चुकीचं दाबलं. मी गाडीला म्हटलंसुद्धा, "चुकलं बाई माझं."

मग बाजूला घेऊन बसून राहिले. जांभळीच्या पानांवरून पाणी टपकत होतं. धुक्यातून एक म्हैस बाहेर आली, माझ्याकडे बघून पुन्हा धुक्यात गेली. कुठेतरी खाली भातखाचरातून पाणी पडत होतं. अर्ध्या पाऊण तासाने उजेड पिवळा झाला, धुकं वर उचललं गेलं, आणि चावी फिरवली तर मीटर लागलं, जसं काही झालंच नव्हतं. बंगल्यावर पोचले तर पाहुणे बिस्किटं खात बसले होते.

त्या पावसाळ्यात हे किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. धुकं दाट असलं की व्हायचं, आणि बहुतेक त्याच चढावर. उन्हात एकदाही नाही.

आमचे मालक, म्हणजे घरधनी, परंदवडीजवळच्या कारखान्यात कामाला जातात. दिवसभर मशिनी चालवतात, त्यामुळे त्यांना वाटतं मशीन कधी चुकत नाही, माणूस चुकतो.

"ब्रेक दाबून चावी फिरवती का?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मग नीट दाबत नसशील."

सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नजर लागली गाडीला. एक तर निळी गाडी, त्यात बाई चालवती. लोकं बघत्यात."

एका रविवारी मालकांनी गाडी तळेगावच्या सर्व्हिस सेंटरला नेली. मी मागे बसून गेले. तळेगावला ऊन होतं. आमच्याकडे पाऊस कोसळत असतो आणि तळेगावात लोक रस्त्यावर मिरच्या वाळत घालतात, इतका फरक. तिथल्या काउंटरवरच्या साहेबांनी चावी फिरवली, मीटर लागलं. त्यांनी मेकॅनिकला नाकावरचं झाकण उघडायला लावलं. आत वायरींच्या गुंत्यात झेंडूच्या दोन वाळक्या पाकळ्या निघाल्या आणि थोडं कुंकू.

मेकॅनिकने त्या पाकळ्या तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवल्या.

"ताई," साहेब म्हणाले, "ही गाडी आहे, देव नाही. पूजेचं पाणी, फुलं आत गेली की शॉर्ट होणारच."

सगळे हसले. मालकही हसले. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. परतीच्या वाटेवर मालक हँडलवरूनच म्हणाले, "कारखान्यात सांगायचं काय? झेंडूनं गाडी पाडली म्हणून?"

मला ते पटलं होतं. साहेबांनी पाकळी दाखवली होती ना. दाखवलेली गोष्ट खोटी कशी असेल. वर्षभर मी मनातल्या मनात त्या माळेचा गुन्हा माझ्याच अंगावर घेऊन फिरले. दसऱ्याला अंगणात कोयता, खोरं, विळे, मालकांची मोटारसायकल, सगळ्यांना फुलं वाहिली. माझी गाडी तेवढी कडेला कोरडी उभी राहिली.

"सणाची अशी मोकळी नगं ठिवू तिला," सासूबाई म्हणाल्या. "बरं दिसत न्हाई."

"साहेबांनी सांगितलंय, आत्या."

"त्या सायबाच्या घरी दसरा न्हाई व्हय?"

मी फुलांची परडी आत नेली. संध्याकाळी सगळे घरात गेल्यावर गाडीच्या नाकावरून नुसता हात फिरवला. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, गाडी एकदाही थांबली नाही. माझी खात्री झाली की चूक झेंडूची होती, म्हणजे आमची, म्हणजे माझी.

मग पुन्हा आषाढ आला, आणि त्याच जांभळीच्या वळणावर मीटर काळं झालं.

मी खाली उतरले. नाकाच्या फटीतून बोट घालून पाहिलं. पाकळी नव्हती, कुंकू नव्हतं. वर्षभर तिला मी फुलाचा वाससुद्धा लागू दिला नव्हता. धुकं माझ्या पापण्यांवर बसत होतं. मी चिखलात पाय आपटला. तो राग आहे हे कळायलाही मला वेळ लागला, कारण तो माझ्याकडे फारसा येत नाही. माझी चूक नाही, तर मग कुणाची?

घरी मात्र उलटं झालं. मालक म्हणाले, "दोन वर्सं बघतोय. तुला जमत न्हाई, त्यात काय लाजायचं? इकून टाकू. श्रावण सरला की गिऱ्हाईक बघतो. वडाप हायेच की."

ते रागाने बोलले नाहीत, समजुतीने बोलले. म्हणून मला जास्त भीती वाटली. भाकरी थापता थापता मला जीपमधली ती बसायची जागा दिसायला लागली, माझ्या दोन्ही बाजूंना दोघी, आणि समोरून प्रश्न. आईशी मग कुठे बोलणार?

मी म्हटलं, "एकदा परत दाखवू."

परत तळेगाव, परत ऊन. साहेबांनी स्वतः गाडीवर बसून आवारात तीन चकरा मारल्या आणि माझ्यासमोर आणून थांबवली. "बघा. काय झालंय हिला?"

"धुक्यात बंद पडते," मी म्हटलं.

"काय?"

"धुक्यात बंद पडती म्हणती," मालक म्हणाले.

"आमच्याकडे अशी एकही तक्रार नाही. कुठूनच नाही. तुमच्या एकट्याचीच." मग ते हसले. "असं करा ताई, पुढच्या वेळी धुकं पण घेऊन या सोबत. मग बघू."

जॉब कार्डवर त्यांनी लिहिलं, दोष आढळला नाही, ग्राहकाला गाडी चालवण्याची पद्धत समजावून सांगितली. मी ते अक्षर अक्षर लावून वाचलं. मला कुणी काहीच समजावलं नव्हतं. तरी मी सही केली.

त्यानंतर बरेच दिवस ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. धुकं घेऊन या. तवा तापेपर्यंत मी विचार करायची, खरंच नेता आलं तर? पहाटे जांभळीखाली कळशी धरावी, ती गळ्यापर्यंत भरू द्यावी, तोंडाला ओलं फडकं बांधावं. तळेगावात जाऊन फडकं सोडावं. मग ते हळूहळू बाहेर येईल, साहेबांच्या टेबलावर चढेल, फोन बुडेल, भिंतीवरची गाड्यांची चित्रं बुडतील, साहेबांचा पांढरा शर्ट आणि धुकं वेगळं ओळखू येणार नाही. आणि त्या पांढऱ्यात मी उभी असेन, कुणाला न दिसता, आणि सगळं नीट सांगेन. एकदा या नादात भाकरी जळली. बंगल्यावरचे पाहुणे म्हणाले, खरपूस छान लागते.

श्रावणात आमच्याकडे कपडे वाळत नाहीत. चुलीवर दोरी बांधायची, खुर्च्यांवर टाकायचे, दारावर टाकायचे. त्या दिवशी सासूबाईंनी त्यांचं धुतलेलं लुगडं पडवीत उभ्या असलेल्या माझ्या गाडीवर पसरलं. अर्धं हँडलवर, अर्धं नाकावरून खाली. रात्रभर ते तसंच राहिलं. सकाळी मी ते बाजूला करून चावी फिरवली, तर मीटर काळं.

मी तशीच उभी राहिले. पडवीत धुकं नव्हतं, चढ नव्हता, आणि गाडी मी चालवलीसुद्धा नव्हती.

सासूबाई धावत आल्या. "अगं बाई! म्या मोडली का गं?"

मला हसू फुटलं. थांबेचना. त्या घाबरून म्हणाल्या, "पाणी पी, पाणी पी आधी."

गाडी मी कोरड्या फडक्याने पुसली. ऊन जरा वर आल्यावर ती सुरू झाली. मग दुपारी बंगल्यावरून आल्यावर मी पुन्हा लुगडं भिजवून, पिळून, नाकावर घातलं. तासाभराने बंद. पुसलं, वाट पाहिली, चालू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. भाजीत मीठ पडलंय का हे जसं दोनदा चाखून बघतो, तसं मी बघून घेतलं. मालकांना सांगितलं नाही. त्यांनी श्रावण सरायच्या आधीच गिऱ्हाईक शोधलं होतं, कामशेतचं.

"आत्या, तुमचं लुगडं द्या."

"आत्ता? अंगावरचं?"

"न्हाई ओ. ते वलं."

त्यांना पुरतं कळलं नाही, पण त्यांनी ते घट्ट पिळून पिशवीत घालून दिलं आणि म्हणाल्या, "सायबाला सांग, सासूचं लुगडं हाये, नीट घडी घालून दे म्हणावं."

मी एकटीच निघाले. पाऊस उघडला होता. जुन्या हायवेने एवढ्या लांब मी कधी एकटी गेले नव्हते. मोठे ट्रक बाजूने गेले की गाडी अंग चोरायची, मी पण चोरायचे. पायाशी ओली पिशवी. वाटेत ढगांच्या सावल्या शेतांवरून माझ्याबरोबरच तळेगावकडे चालल्या होत्या.

"परत आलात?" साहेब म्हणाले.

मी वाटभर एकच वाक्य घोकत आले होते. "धुकं आणलंय."

त्यांना काही कळलं नाही. मी गाडी आवारात लावली, चावी काढली आणि लुगडं उलगडून तिच्या नाकावर पसरलं. मग बाकावर जाऊन बसले. साहेब एकदा बाहेर बघून आत गेले.

बाकावर एक बाई बसल्या होत्या. देहूरोडवरून आल्या होत्या, त्यांचीही हीच गाडी, लाल रंगाची, दुरुस्तीला आत गेलेली.

"काय ताई, वाळत घातलंय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. भिजत घातलंय."

"गाडी?"

मी मान हलवली. त्या माझ्याकडे सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझी नळाखाली धुतली की दोन तास हलत नाही. हे म्हणतात, तू पाइप जोरात मारतेस."

आम्ही दोघी काही न बोलता बसून राहिलो. ते बसणं मला फार बरं वाटलं. समोर दारात विकायला ठेवलेल्या नव्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, माझीच गाडी, वेगवेगळ्या रंगांत. ऊन त्यांच्यावर पडलं होतं. बघून बघून डोळे जड झाले. पेंगत पेंगत मी एकेकीचं नाक न्याहाळत होते, आणि त्या पेंगेतच मला दिसलं. नाकाच्या खाली, जिथून वायरी आत जातात तिथे, सगळ्यांना काळ्या रबराची टोपी होती. कुकरच्या झाकणाला असतं तसलं जाड रबर. मी उठून माझ्या गाडीपाशी गेले आणि वाकून पाहिलं. तिथे नुसत्या वायरी होत्या, उघड्या.

मी साहेबांच्या काउंटरपुढे जाऊन उभी राहिले. ते फोनवर होते. फोन संपेपर्यंत उभी राहिले. मग चावी पुढे केली.

त्यांनी गाडीवरचं लुगडं बाजूला केलं, चावी फिरवली. काळं. पुन्हा फिरवली. ब्रेक दाबून फिरवली, जोरात दाबून फिरवली. काळं.

"असं ओलं कापड टाकल्यावर कुठलीही गाडी बंद पडेल, ताई."

मागून देहूरोडच्या बाई म्हणाल्या, "मग लोणावळ्याच्या माणसांनी गाडी काय कपाटात ठेवायची? आणि धुवायची ती टूथब्रशने का?"

मेकॅनिक हसला आणि लगेच गप्प झाला. मी दारातल्या नव्या गाडीकडे गेले, खाली बसले आणि त्या रबरी टोपीवर बोट ठेवलं.

"हे माझ्या गाडीला नाही."

साहेब आले, वाकले, बघितलं. "ते नवीन मॉडेल आहे."

"मग हे का लावलं?"

एवढंच मी विचारलं. त्यांचा फोन वाजायला लागला, त्यांनी तो घेतला नाही. ते त्या टोपीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग लांब कुठेतरी. तोंडाशी आलेलं काहीतरी त्यांनी गिळलं, हे मला दिसलं. मी आयुष्यभर तेच करत आलेय, मला ते ओळखता येतं. मग मेकॅनिककडे न बघताच म्हणाले, "ताईंच्या गाडीला ती कॅप बसवून दे."

टोपी बसवायला चहा थंड व्हायला लागतो तेवढाच वेळ लागला. वायरी कोरड्या केल्या, टोपी चढवली, लुगडं पुन्हा भिजवून तासभर घातलं, आणि चावी फिरवली तर मीटर लागलं.

जॉब कार्डावर साहेबांनी लिहिलं होतं, ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे आत पाणी गेले, दुरुस्त करून दिले.

मी हलगर्जीपणा हा शब्द दोनदा वाचला. पेन खाली ठेवलं.

"सही करा, ताई."

मी मान हलवली.

"अहो, नुसती पद्धत असते लिहायची."

माझ्या मागे दोन माणसं येऊन उभी राहिली होती.  पळून जावंसं वाटत होतं. पण सही केली असती तर तो कागद घरी गेला असता, मालकांनी वाचला असता, आणि कामशेतचं गिऱ्हाईक पुढच्याच रविवारी आलं असतं. मी काउंटरची कड धरून उभी राहिले. 

बऱ्याच वेळाने साहेबांनी कागद स्वतःकडे ओढला आणि हलगर्जीपणाच्या त्या ओळीवर आडवी रेघ मारली. चौथीत आमच्या बाई चुकीच्या गणितावर मारायच्या, तशीच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाई नंतर शेजारी बरोबर उत्तर लिहायच्या. मी थोडी थांबले. खाली जागा भरपूर होती. साहेबांनी तिथे काही लिहिलं नाही. पेनाचं टोपण लावलं.

मी सही केली. निघताना मेकॅनिकने लुगड्याची नीट घडी घालून दिली. देहूरोडच्या बाईंची लाल गाडी बाहेर आली होती, आणि त्या साहेबांना म्हणत होत्या, "आता माझीपण टोपी."

घरी मालकांनी कागद उजेडात धरून वाचला. रेघेने खोडलेलंही वाचलं.

"ही रेघ कुणी मारली?"

"सायबांनी."

त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. कारखान्यातला माणूस, कागदावरची खाडाखोड त्यांना कळते. "मग कामशेतवाल्याला काय सांगू?"

मी चुलीकडे तोंड करून म्हटलं, "सांगा, गाडी बाई चालवती."

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

भाद्रपदात पुन्हा धुकं उतरलं. जांभळीच्या वळणावर माझे पाय अजून आपोआप खाली जायला तयार होतात. गाडी मात्र थांबत नाही, तशीच मुकाट वर चढते. कधीकधी मला तिथे दुसऱ्या गाड्या दिसतात, म्हणजे दिसल्यासारख्या वाटतात, लाल, पांढऱ्या, टोपी नसलेल्या, आणि प्रत्येकीजवळ एक बाई दोन्ही पाय टेकवून उभी. चुकलं बाई माझं, असं आपल्या गाडीला सांगत असलेली. मी जाता जाता त्यांना मोठ्याने हाका मारते, नाकाखाली बघा, नाकाखाली. मग पुढचं वळण येतं आणि मी गप्प होते.

दसऱ्याला माळ मीच ओवली. पाणी घातलं, कुंकू लावलं, माळ नाकावरून दोनदा फिरवून बांधली. बांधताना झेंडूच्या दोन पाकळ्या सुटून फटीतून आत पडल्या.

मी त्या काढल्या नाहीत.